घरासाठी ठेवलेलं दूध

गाडग्यावरची थाळी बाजूला केली आणि गाडगं जरासं कलतं करून पाहिलं, तर आतलं सगळं पाण्यासारखं एका अंगाला आलं. दही लागलंच नव्हतं. वर साईचा पापुद्रा तेवढा तरंगत होता आणि खाली आदल्या संध्याकाळी विरजलेलं दूध, जसं होतं तसं.

“न्हाई लागलं?” मागून आत्तींनी विचारलं.

“नाही.”

“ऱ्हाऊ दे.”

एवढं म्हणून त्या चुलीकडं वळल्या. चार शब्द सुनावले असते तर मीही मनातल्या मनात चार सुनावून मोकळी झाले असते. पण माझी सासू बोलायचीच नाही. बघायची फक्त. गाडग्याकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं बघितलं आणि फुंकणी उचलली.

आज मलाही सून आहे. ती डब्यातलं दही विकत आणते, आणि दही लागलं नाही म्हणून कुणाचा जीव वरखाली होतो हे तिला सांगूनही पटत नाही. पण मी शिरोळ तालुक्यातल्या त्या गावात पाटलांच्या घरी सून म्हणून गेले, तेव्हा लोणी, ताक, तूप सगळं त्या एका गाडग्यावर चालायचं. नवी सून घरात रुळली की सासू तिच्या हातात विरजण द्यायची. म्हणजे घरातला पहिला कारभार. आत्तींनी मला तो दिला, आणि सुरुवातीला माझं दही असं लागायचं की मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एकदा वाटी पुढं करून पुन्हा मागितलं होतं. त्या घरात कौतुक म्हणजे तेवढंच.

मग एकाएकी लागेनासं झालं. मध्ये काही दिवस पुन्हा नीट लागलं, आणि आता पुन्हा हे.

शेजारच्या रत्नाबाईंना सुगावा लागायला वेळ लागला नाही. “हातावर असतंय बघ एकेकीच्या,” त्या कुंपणावरून म्हणाल्या. “आमच्या थोरलीच्या हातानं तुळस पन जगत न्हाई.” धीर द्यायला म्हणाल्या की खडा मारायला, ते त्यांनाच ठाऊक.

दह्याचं एक असतं तर मी निभावून नेलं असतं. पण माझ्या अंगानंही तेव्हाच दावा मांडला होता. सकाळी काम करता करता दंडावर, पोटावर गांधी उठायच्या, लालभडक आणि खाजून जीव नकोसा. आत्तींनी पहिल्यांदा पित्त म्हणून आमसुलाचं पाणी चोळलं, घोंगड्यानं अंग घासलं. दुपारपर्यंत उतरायचं, दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर. सणाला माहेरी गेले तर एक गांध नाही. परत आले, काही दिवस बरे गेले, आणि पुन्हा सुरू.

“म्हायेरी ग्येली की बरी हुती, म्हंजे बघा,” रत्नाबाई आत्तींना म्हणाल्या. मी आत भाकरी थापत होते. आत्ती नेहमीप्रमाणं काही बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या न बोलण्याचे हवे तेवढे अर्थ लावायला मी मोकळीच होते.

माझे यजमान, शीतल, इचलकरंजीला सूतगिरणीत होते. आठवड्यातून एकदा घरी यायचे. मी त्यांना अंगावरचे वळ दाखवले, तर ते बिचारे घाबरून म्हणाले, “आईला इचारूया.” माझ्या नवऱ्याकडं प्रत्येक दुखण्यावर हे एकच औषध होतं.

मामांचं मात्र घरात लक्ष कमी. बाळगोंडा पाटील म्हणजे गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. माणूस सरळ, इतका सरळ की जवळच्या माणसाला कधी कधी टोचायचा. कुणाच्या दुधात पाणी आढळलं तर सख्ख्या भावाचं दूधही परत पाठवायचे. घरच्या तीन म्हशी होत्या. दोन म्हशींचं दूध कॅनमधून संस्थेत जायचं. तिसरी काशी. तिच्या कासेला दगडी झाली होती. म्हणजे कास सुजून दगडासारखी घट्ट होते आणि दुधात गाठी येतात. जनावरांचे डॉक्टर येऊन तिच्या सडात औषधाच्या ट्यूबा सोडून गेले. एकदा बरी झाली, तर काही दिवसांनी दुसऱ्या सडाला तेच. औषध चालू आहे तोवर आणि त्यानंतरही काही दिवस तिचं दूध संस्थेला घालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मामांनी ते तंतोतंत पाळलं.

“गावच्या दुधात आपलं आजारी दूध मिसळायचं न्हाई,” ते म्हणायचे. “गाठी गेल्यात न्हवं आता? मग ते घरात ठेवा.”

आणि ते दूध घरात राहायचं. ओतून टाकायचा विचार कुणाच्या डोक्यातही आला नाही. दूध ओतायचं म्हणजे लक्ष्मी उकिरड्यावर टाकायची. आत्ती तर दुधाचं भांडं विसळलेलं पाणीही म्हशीच्या आंबोणात घालायच्या.

एके दिवशी सकाळी माझा वरचा ओठ सुजला. बघता बघता दुप्पट झाला. आरशात बघून मला हसूही आलं आणि भीतीही वाटली, कारण असा ओठ मी पूर्वी एकदा पाहिला होता. लहान असताना घसा आला म्हणून जयसिंगपूरच्या दवाखान्यात मला सुई दिली होती आणि त्यानंतर मी अशीच फुगले होते. डॉक्टर धावले म्हणून वाचले. पेनिसिलिन या पोरीला पुन्हा कधी द्यायचं नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं दार लावून घेऊन मला बजावलं, “सासरी यातलं अवाक्षर काढायचं नाही. रोगट पोरगी गळ्यात मारली म्हणतील. सुई घ्यायचीच नाही, मग सांगायचं कशाला?” आईचं म्हणणं मला तेव्हा पटलं होतं. आता तर सुईचा संबंधच नव्हता. कित्येक महिन्यांत मी साधी गोळीसुद्धा घेतली नव्हती. त्यामुळं हे ते नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पण आत्तींनी तो ओठ पाहिला आणि त्यांच्या हातातली परात खाली पडली. पीठ सगळीकडं उडालं. त्यांनी ते गोळाही केलं नाही. तडक गोठ्यात गेल्या. मी मागच्या दाराशी उभी होते, त्यामुळं सगळं ऐकू आलं.

“तिच्या अप्पांना सांगावा धाडा,” त्या मामांना म्हणाल्या. “पोरीला घेऊन जावा म्हनावं.”

“का? झालं काय?”

“हितं नगो ती. एवडंच.”

“आगं, किती दिवस? लोक काय म्हनतील? शीतलला इचारलंस?”

“कुनाला इचारायचं न्हाई मला. ती ह्या घरात नगो.”

मी दारातच खाली बसले. रडले नाही. राग आला होता, आणि राग आला की मला रडू येत नाही, अजूनही येत नाही. दही लागत नाही, अंगावर उठतं, माहेरी गेली की बरी होते. या तीन गोष्टींवर एका बाईनं माझा निकाल लावून टाकला होता. परत पाठवलेल्या सुनेला पुढं कुणी सहजासहजी आणत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. माझ्या मावसबहिणीचं पाहिलं होतं. ती अजून भावाच्या घरी धुणी धूत होती.

मग ठरवलं, जायचं तर जायचं, पण हाताला गुण नाही हा डाग घेऊन जायचं नाही. लग्नाआधी मी बी.एस्सी.चं पहिलं वर्ष केलं होतं. दही हे हातानं लागत नाही, विरजणातल्या जंतूंनी लागतं, एवढं मला शिकवलेलं होतं. जंतू जगले तर लागतं, मेले तर नाही. मग ते मरतात कशानं?

अप्पा दुसऱ्या दिवशी येणार होते. त्या संध्याकाळी, ओठ उतरल्यावर, मी एक उद्योग केला. धार काढून झाल्यावर कॅन ओट्यावर होता. मामा दोरखंड गुंडाळत होते. त्यांची पाठ वळली तशी मी कॅनमधून तांब्याभर दूध काढून घेतलं. दूध आमच्याच म्हशींचं. पण आमच्या चेअरमनसाहेबांच्या लेखी ते एकदा कॅनमध्ये पडलं की गावाचं. म्हणजे मी गावाची चोरी करत होते. ते तापवून, कोमट करून एका गाडग्यात विरजलं. दुसऱ्या गाडग्यात घरचं, काशीचं. विरजण दोन्हीला रत्नाबाईंकडून आणलेलं, एकाच वाटीतलं. दोन्ही गाडगी शेजारी शेजारी चुलीच्या उबेला ठेवली.

सकाळी थाळ्या काढल्या. कॅनमधल्या दुधाचं दही असं लागलं होतं की गाडगं आडवं केलं तरी हललं नाही. काशीचं दूध तसंच, पातळ.

मी दोन्ही गाडगी आत्तींसमोर आणून ठेवली. “हात एकच आहे बघा, आत्ती. विरजणही एकच. हे दूध संस्थेचं आणि हे काशीचं.”

मला वाटलं होतं, त्या चोरीबद्दल तरी बोलतील. त्या दोन्ही गाडग्यांकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “तुझ्या हाताचं न्हाई ते. मला म्हाईत हाय.”

“माहीत आहे? मग मला का...”

“मी बी लावून बघितलो हुतो. गुपचूप. माझ्या बी हातानं न्हाई लागलं.” आमच्याकडं बायकाही मी आलो, मी गेलो असंच बोलतात. “म्हनून तर म्हनतो, ह्या घरातच कायतरी हाय. तू जा बाई म्हायेरी.”

बाईला माझा दोष नाही हे ठाऊक होतं आणि तरीही मी नको होते. मग यात मी काय करायचं होतं? मी बॅग भरायला घेतली. बॅग भरून झाली तशी आत्ती पेला घेऊन आल्या. काठोकाठ दूध, वर साय. हे त्या रोजच द्यायच्या. घरात कुणालाही पेलाभर दूध मिळायचं नाही, सगळ्यांना चहापुरतं. मला मात्र रोज. “काडीगत झालीयास, पी,” म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, “वाटंत काय मिळंल न मिळंल. पिऊन घे.”

मी रागातच पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. दही लागत नाही ते दूध वाईट, एवढं कळलं होतं. ते पिऊन मला काही होत असेल, हे अजून डोक्यात शिरलं नव्हतं.

अप्पा आले, ओसरीवर टेकले, मामांनी त्यांना पाणी दिलं. मी नमस्काराला वाकले आणि उठताना लक्षात आलं की ओठ जड झालेत. मग जीभ. मग गळ्याभोवती कुणीतरी पट्टा आवळतंय असं वाटू लागलं. मी अप्पांना हाक मारली, पण आवाज घोगरा, दुसऱ्याच कुणाचा तरी आल्यासारखा आला.

त्यानंतरचं मला तुटक आठवतं. मामा अनवाणी रस्त्यात पळत गेले आणि दुधाचा टेम्पो अडवला. संस्थेचा टेम्पो एक मिनिट उशिरा निघाला तर ड्रायव्हरला फैलावर घेणारा तो माणूस. त्यांनी कॅन बाजूला सारून मला आत झोपवलं आणि ओरडले, “डेअरीला मागनं जा. आदी जयसिंगपूर!” आत्ती माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सारखं एकच पुटपुटत होत्या, काय ते मला कळत नव्हतं.

जयसिंगपूरचे डॉ. मगदूम हे नावाजलेले, वयस्क, तोंडानं फटकळ. त्यांनी मला बघितलं आणि नर्सला औषधाचं नाव सांगून सुई भरायला लावली. ते सुई घेऊन माझ्याकडं वळले, तोच आत्तींनी त्यांचं मनगट धरलं.

“सुई नगो! सुई नगो मारू तिला!”

“बाई, हात सोडा.”

“पाया पडतो तुमच्या, सुई नगो!”

“अहो पाटील, घ्या हिला बाहेर,” डॉक्टर ओरडले. मामांनी आत्तींना ओढून बाजूला केलं. मांडीत सुई गेली. छाती धडधडली, हातापायांना कंप सुटला, आणि हळूहळू गळ्याभोवतीचा पट्टा सैल झाला. मी श्वास घेतला. साधा श्वास, पण तसा मी त्यापूर्वी कधी घेतला नव्हता.

जरा वेळानं डॉक्टर खुर्ची ओढून माझ्या खाटेशी बसले. मामा आणि अप्पा पायथ्याशी उभे. आत्ती दारात, चौकटीला धरून.

“आता धोका टळलाय,” ते म्हणाले. “पण खाजवून खाजवून दंडावरचे फोड पिकवून घेतलेत हिनं. त्याला अँपिसिलिन लिहितो. कुठल्या औषधाचं वावडं आहे का हिला?”

मी अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी मान खाली घातली. आईचे शब्द आठवले आणि सासू-सासरे समोर उभे होते. पण नुकताच गेलेला श्वास परत मिळाला होता. तो पुन्हा गहाण टाकायची माझी तयारी नव्हती.

“पेनिसिलिनचं आहे,” मी म्हणाले. “लहानपणी झालं होतं. अशीच फुगले होते.”

मामांनी अप्पांकडं पाहिलं. अप्पा म्हणाले, “चुकलं आमचं, पाव्हणं. पोरीचं जमायचं न्हाई म्हणून बोललो न्हाई आम्ही.”

“ते भांडण घरी जाऊन करा,” डॉक्टर म्हणाले आणि लिहिलेलं खोडून टाकलं. “बरं झालं बोललीस पोरी. अँपिसिलिन हे पेनिसिलिनचं सख्खं भावंड. अमॉक्सिसिलिन, क्लॉक्सासिलिन, सगळं एकच घराणं. शेवटी सिलिन ऐकलं की उठून बाहेर पडायचं. सेफालेक्सिन म्हणून आहे, ते चुलत घराणं. दर वेळी वैर धरतं असं नाही, पण आपण त्याच्याही दारात जायचं नाही.”

“मग हिला द्यायचं काय?” मामांनी विचारलं.

“घराणी पुष्कळ आहेत, पाटील. सल्फा आहे, पण ते स्वतःच अंगावर पुरळ आणतं, आणि हिचं अंग आधीच पेटलंय. टेट्रासायक्लिन आहे. पण नवी लग्न झालेली पोरगी. दिवस गेलेले असले तर पोटातल्या बाळाचे दात पिवळे पडतात.” माझे कान तापले. मामांनी खिडकीतून बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसल्यासारखं बघितलं. “स्ट्रेप्टोमायसिन कानावर जातं, ते क्षयाच्या रोग्याला ठेवू. हिला इरिथ्रोमायसिन देतो. मळमळेल, पोटात कळा येतील, जेवल्यावर घ्यायचं. पण हिच्याशी त्याचं भांडण नाही.” मग ते कपाळाला आठ्या घालून माझ्याकडं वळले. “आता मला हे सांग, तू पेनिसिलिन घेतलंस कधी?”

“घेतलंच नाही.”

“गोळी? मलम? कुणी काही टोचलं?”

“काहीच नाही.”

“मग हे आलं कुठून? घरात येऊन बसल्याशिवाय ते असं रोज उठायचं नाही.”

घरात येऊन बसल्याशिवाय. आत्तीही सकाळी तेच म्हणाल्या होत्या, घरातच काहीतरी आहे. माझ्या डोळ्यांसमोर ती दोन गाडगी आली. जंतू कशानं मरतात?

“डॉक्टर,” मी विचारलं, “म्हशीच्या सडात औषध सोडलं तर ते दुधात उतरतं का?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “कुठली म्हैस?”

मग मी सगळं सांगितलं. दह्याचं, काशीचं, दोन गाडग्यांचं, रोजच्या पेल्याचं. मधल्या काळात काशी बरी होती तेव्हा दही लागत होतं आणि अंगही साफ होतं, हे सांगताना माझं मलाच उमगत गेलं. डॉक्टरांनी मामांना त्या ट्यूबेचं नाव विचारलं. मामांना नाव येत नव्हतं, पण रिकामी ट्यूब कोपरीच्या खिशात होती, तशीच आणखी आणायची म्हणून ठेवलेली. डॉक्टरांनी ती उजेडात धरून वाचली.

“पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन,” ते म्हणाले. “सडात सोडलेलं दुधात उतरणारच. उकळून सगळं जात नाही. विरजणाचे जंतू त्यानं मेले, म्हणून दही लागलं नाही. तुम्हा सगळ्यांना पचलं. हिचं अंग त्याला ओळखून बसलेलं. तुम्ही ह्या पोरीला रोज पेल्यातून पेनिसिलिन पाजत होता, पाटील.”

मामा स्टुलावर बसले. “संस्थेला घालू नगा म्हनाले हुते,” ते हळू आवाजात म्हणाले. “गावाला त्रास नगो म्हनून मी ते घरात ठेवलो.”

त्या माणसाची मला इतकी दया आली. आयुष्यभर ज्याचा अभिमान बाळगला तो प्रामाणिकपणाच त्यांच्या सुनेच्या पेल्यात उतरला होता.

“आज सांजपासनं ते उकिरड्यावर,” ते म्हणाले आणि आत्तींकडं बघितलं. दूध ओतायचं म्हटल्यावर त्या काहीतरी म्हणतील असं सगळ्यांनाच वाटलं. पण त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. त्या चौकट सोडून आत आल्या आणि डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या.

“सुईनं बी असंच हुतंय?”

“सुईनं तर जास्त. लगेच आणि जोरात.”

“ओठ असं सुजत्यात? आन् मग गळा?”

“हो.” डॉक्टरांचा आवाज बदलला. “का हो बाई?”

आत्तींनी पदर तोंडाशी नेला, मग काढला. “माझी सुमती,” त्या म्हणाल्या.

हे नाव मी त्या घरात एकदाही ऐकलं नव्हतं. मामांनी डोळे मिटून घेतले.

“शीतलच्या वरची. शाळंत जायाला लागली हुती. घसा आला, ताप आला, म्हनून दवाखान्यात नेलो. सुई बघून पळाया लागली. मला धरा म्हनले, म्हनून मी मांडीवर घेऊन तिचं दोन्ही हात धरलो. झालं बाळ, झालंच, म्हनत हुतो. बैलगाडीत बसलो न्हाई तवर ओठ सुजला. गाव यायच्या आत... लोक म्हनले, दृष्ट लागली. कोन म्हनलं, आईनं कायतरी चारलं. मला येवडंच म्हाईत, हात मी धरलो हुतो.”

डॉक्टरांनी आपली खुर्ची त्यांच्याकडं सरकवली. मग म्हणाले, “इतक्या वर्षांनी मी शपथेवर सांगू शकणार नाही, पण ते हेच असणार. सुई देणाऱ्याला माहीत नव्हतं, तुम्हाला कुठून माहीत असणार? तुम्ही पोरीला औषध मिळावं म्हणून धरलंत. कुठलीही आई धरते.”

आत्ती माझ्याकडं वळल्या. “हिचा ओठ बघितलो आन् मला सुमीच दिसली. सुई न्हाई, गोळी न्हाई, तरी तसाच ओठ. मला वाटलं, माझ्याच हातात कायतरी हाय. माझ्या घरात पोरगी जगत न्हाई.” त्या अप्पांकडं बघून म्हणाल्या, “मला ही नगो हुती म्हनून न्हाई सांगावा धाडलो, पाव्हणं. हिला घालवायची न्हवती मला. जगवायची हुती.”

माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला आणि त्याच्या जागी रडू आलं, मोठ्यानं, लहान पोरासारखं. अप्पाही डोळे पुसत होते. “मग... घेऊन जाऊ का हिला?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“कशाला?” आत्ती म्हणाल्या.

तेवढ्यात नर्स दुसरी सुई भरून आली. सूज पुन्हा चढू नये म्हणून आणखी एक द्यायचीच होती. आत्ती मध्ये आल्या. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, “ही त्या घराण्यातली न्हाई न्हवं?”

“नाही. शपथेवर सांगतो.”

नर्सनं माझी बाही वर केली. मला सुईची भीती लहानपणापासूनची. मी हात आखडून घेतला. आत्ती खाटेच्या कडेला टेकल्या. त्यांनी हात पुढं केले, आणि माझ्या हातांपर्यंत आणून तिथंच थांबवले.

“धरू का गं?” त्यांनी विचारलं.

मी माझे दोन्ही हात त्यांच्या हातात दिले.